दुखल्यास द्यावे

आबा निवृत्त सर्जन. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी बारा खाटांचा दवाखाना चालवला. अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध, सिझेरियन, बैलानं शिंग खुपसलेलं पोट, दारात येईल ते. त्यांची पुतणी रेवा पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. आता आबांचाच उजवा गुडघा बदलायचा ठरलाय, आणि तोही रेवा काम करते त्याच रुग्णालयात. घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा तिचा नेम. त्यामुळे भूल तिची सहकारी देणार. आबांची समजूत घालायचं काम मात्र तिच्या वाट्याला आलं. समजूत राहिली बाजूला, दोघांची जुंपली. मी आबांचा मेहुणा. वैद्यकातलं मला फारसं कळत नाही, म्हणून मध्ये बोललो नाही. जे ऐकलं ते थोडं आवरून-सावरून पुढे देतोय.

आबा: हे बघ, कमरेत एक इंजेक्शन द्या, गुडघा बसवा आणि खोलीत आणून टाका. ते नस बधिर करणं, औषधाचा पंप लावणं, असलं काही नको. दुखेल तेवढं दुखेल.

रेवा: आबा, गुडघा बदलतात म्हणजे हाड कापतात. कमरेतलं इंजेक्शन तीन-चार तासांत उतरतं. म्हणजे संध्याकाळी तुमचा गुडघा जागा होणार, आणि नेमका तेव्हाच फिजिओथेरपिस्ट येऊन म्हणणार, चला, उभे राहा.

आबा: राहीन की.

रेवा: नाही राहणार. दात आवळून पडून राहाल. पायात रक्त साकळायची भीती, गुडघा आखडायची भीती, खोल श्वास घेतला नाही तर छातीत कफ. म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, नसेभोवती औषध सोडायचं. अर्धा-पाऊण दिवस दुखणं बोथट होतं आणि मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, म्हणजे चालता येतं. अंदाजानं सुई खुपसायचे दिवस गेले. सुईचं टोक कुठे आहे, औषध कुठे पसरतंय, सगळं समोर दिसतं.

आबा: दिसत असेल. पण दुखणं हा सर्जनचा खबऱ्या असतो, ते विसरू नकोस. पोट शिवून चार दिवस झाले आणि पेशंट म्हणाला, 'डॉक्टर, आज जास्त दुखतंय', की मी समजायचो, आत काहीतरी सुटलं. तुम्ही खबऱ्याच मारून टाकता. पोटदुखीच्या निदानावरच्या कोपच्या पुस्तकावर वाढलो आम्ही. पोट धरून आलेल्या माणसाला निदान होईपर्यंत मॉर्फिन नाही म्हणजे नाही.

रेवा: कोपनं ते १९२१ साली लिहिलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता, सर्जनच्या हाताच्या बोटांवर सगळी मदार. पुढे या प्रश्नावर रीतसर चाचण्या झाल्या. बेतानं औषध दिलं तर निदान चुकत नाही, असं दिसून आलं. उलट पोट ताठ करून बसलेला माणूस जरा सैल होतो आणि तुम्हाला हात लावू देतो. त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांनीसुद्धा तो जुना सल्ला सोडून दिला.

आबा: आणि नळीचं हाड मोडलेला पाय? प्लॅस्टरच्या आत सूज वाढली, रक्त पोचेना, तर पहिली खूण कसली? दुखणं. तुझी नस झोपलेली. सकाळी प्लॅस्टर कापलंस तर आतला स्नायू मेलेला.

रेवा: तिथे तुमचं बरोबर आहे. तसल्या पायाला पूर्ण बधिर करताना आम्हीही दहादा विचार करतो, सर्जनला विचारतो, औषध हलकं ठेवतो. पण एका पायाचा कायदा सगळ्या शरीराला कशाला लावायचा?

आबांना हा मुद्दा मान्य झाला असावा, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. वादात पकडले गेले की ते इतिहासात जातात.

आबा: माणूस सोसतो गं. कावसजीची गोष्ट माहीत आहे ना? इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ एका मराठी वैद्यानं कपाळाची कातडी सोडवून, फिरवून, नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, आणि तिथल्या सर्जननी ती रीत उचलली. त्या वेळी कुठे होती भूल? बॉस्टनला ईथरचा प्रयोग झाला १८४६ साली.

रेवा: त्या बातमीत नाकाचं माप आहे, मेणाचा साचा आहे, कातडी कशी वळवली ते आहे. कावसजीला काय वाटलं, ते कुठे आहे?

आबा: बरं, माझ्याच दवाखान्यातलं सांगतो. उसाच्या फडातल्या बायका. पिशवी काढलेली, पोटावर वीतभर टाके. तिसऱ्या दिवशी लुगडं सावरत व्हरांड्यात चालायच्या. एकीनं कधी तक्रार केली नाही.

रेवा: तुम्ही विचारलंत?

आबा: रोज विचारायचो. राउंडला.

रेवा: कसं विचारायचात? 'काय, बरं आहे ना?' मागे सिस्टर, त्यामागे सासू, दाराशी नवरा. त्या बाईनं काय म्हणायचं होतं? अहो, 'बरं हाय' हे एकच उत्तर तुमच्या प्रश्नातच होतं.

आबा: म्हणजे त्या खोटं बोलायच्या?

रेवा: त्या डॉक्टरांचा मान ठेवायच्या. बोलत नाही म्हणजे दुखत नाही, ही समजूत आपल्याच लोकांत आहे असं नाही. १९८०च्या दशकापर्यंत भल्या भल्या देशांत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं जेमतेम भुलीवर व्हायची. हालचाल थांबवायचं औषध, थोडा नायट्रस ऑक्साइड, बास. का, तर म्हणे त्यांच्या नसा कच्च्या, त्यांना कळत नाही. कंवलजीत आनंद नावाचे आपल्याकडचे डॉक्टर, इंदूरला एमबीबीएस झालेले, ऑक्सफर्डला गेले. त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची हृदयाजवळची ऑपरेशनं घेतली. काही बाळांना नेहमीची भूल, काहींना त्याच्या जोडीला फेंटॅनिल हे दुखणं मारणारं औषध. नेहमीच्या भुलीवरच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळलेली, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांनाच जास्त. हे १९८७ साली छापून आलं. बाळ बोललं नाही, तर त्याच्या रक्तानं सांगितलं.

इथे आबा थोडा वेळ गप्प होते. त्यांनी तान्ह्या बाळांचे हर्निया केलेले आहेत, हे मला माहीत आहे. मी विचारलं नाही.

आबा: अमेरिकेचं काय मग? तिथेही हेच पुण्यकर्म सुरू झालं होतं ना? नाडी, श्वास, रक्तदाब, ताप, आणि पाचवी खूण म्हणे वेदना. शून्य ते दहा मार्क द्यायचे. मार्क जास्त आले की गोळी. १९९६ साली ऑक्सिकोडॉनची ती जास्त वेळ टिकणारी गोळी बाजारात आली, कंपनीनं सांगितलं सवय लागत नाही, आणि घरोघरी नशेबाज तयार झाले. दाढ काढायला गेलेली पोरं व्यसनी होऊन बसली. वेदना शून्यावर आणायच्या नादात केलेला उद्योग आहे तो.

रेवा: अगदी. आणि शून्य हा आकडा मी कधी कोणाला कबूल करत नाही. उठता आलं, खोकता आलं, झोप लागली, एवढं पाहते. पण आबा, आपल्याकडे नेमकं उलटं झालं. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फिनची एक बाटली ठेवायची तर चार-पाच परवाने. एकाची मुदत भरायची, तोवर दुसरा निघालेला नसायचा. दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं. कॅन्सरचे पेशंट तळमळत गेले. केरळातल्या डॉ. राजगोपाल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं मागे लागली, तेव्हा २०१४ साली कायदा सुधारला. आता कागद कमी झाले, भीती मात्र तेवढीच. नवा डॉक्टर मॉर्फिन लिहायला कचरतो, आणि सिस्टर नोंदवहीला घाबरते.

आबा: माझ्या कपाटात पेंटाझोसिन असायचं. तेही कुलपात.

रेवा: आणि पुष्कळदा मॉर्फिन लागतच नाही. जखमेच्या कडेला बधिर करणारं औषध, नसेचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, आणि किडनी चांगली असेल तर डायक्लोफिनॅकच्या जातीचं एखादं. वेगवेगळ्या वाटांनी थोडं थोडं. एकाच औषधाचा मोठा मारा करायचा नाही.

आबा: तुला एक सांगू? माझ्या मते या सगळ्यात खरा शोध एकच. बोटाला लावायचा चिमटा. पल्स ऑक्सिमीटर. त्या जपान्याचं नाव काय?

रेवा: ताकुओ आओयागी. सत्तरच्या दशकातलं काम.

आबा: आमच्याकडे पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. त्याआधी काय होतं? पेशंटचे ओठ, नखं, आणि माझ्या हाताखालचं रक्त. रक्त काळपट दिसलं की मी ओरडायचो, 'भूलवाले, बघा जरा', तोवर उशीर झालेला असायचा. काळ्या पेशंटच्या ओठांवर निळेपणा दिवसासुद्धा दिसत नाही, कंदिलाच्या उजेडात काय दिसणार? तो चिमटा आला आणि मला रात्री झोप लागायला लागली. हा तुमचा भुलीचा विजय. जीव वाचवलात. दुखणं-बिखणं नंतरचं.

रेवा: जीव वाचला, मग पुढे?

आबा: पुढे नशीब.

रेवा हसली, पण तिला ते झोंबलं. मग तिनं आबांच्या काळच्या समजुती एकेक करून काढल्या. कमरेतल्या इंजेक्शननंतर चोवीस तास उशी न घेता सपाट झोपवायची पद्धत, मी स्वतः भोगलेली. तिचा काही उपयोग होत नाही, डोकेदुखी त्यानं टळत नाही. टळली ती सुई बारीक झाल्यानं आणि तिचं टोक पेन्सिलीसारखं केल्यानं. ती डोकेदुखी पहिल्यांदा नोंदवणाऱ्यात खुद्द आउगुस्ट बिअर होता. १८९८ साली जर्मनीतल्या कील गावात त्यानं आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट यानं एकमेकांच्या पाठीच्या कण्यात सुया घातल्या. बिअरच्या वेळी सुई आणि सिरिंज जुळेना, पाणी गळून गेलं. हिल्डेब्रांटला कोकेन व्यवस्थित चढलं, तेव्हा बिअरनं त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा हाणून पाहिला. याला काही कळलं नाही. रात्री दोघांनी वाइन घेतली, सिगार ओढले, आणि पुढचे कित्येक दिवस दोघांची डोकी ठणकत राहिली. आबांना ही गोष्ट एवढी आवडली की त्यांनी ती तिला दोनदा सांगायला लावली. 'भूल दिल्यापासून कंबर दुखते' म्हणणाऱ्या आपल्या घरोघरच्या बायकांविषयीही विचारलं. कंबर बाळंतपणानं, बाळ घेऊन वाकून बसण्यानं, वयानं दुखते, सुईनं वर्षानुवर्षं दुखत राहिल्याचा पुरावा नाही, असं रेवाचं म्हणणं. हे बायकांना पटत नाही, हेही तीच म्हणाली.

आबा: मग उपाशी ठेवण्याचं काय? तुमची ती पोरगी मला फोनवर म्हणाली, सकाळी सहापर्यंत पाणी प्या. माझं ऑपरेशन आठला. दचकलो मी.

रेवा: बरोबर सांगितलं तिनं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, काळा चहा चालतो. दूध घातलेला चहा नाही, त्याला सहा तास. तळलेलं, मटण असलं तर आठ. पाणी पोटातून भराभर पुढे जातं. उगाच बारा-चौदा तास कोरडं ठेवलं की म्हातारी माणसं सुकतात, टेबलावर रक्तदाब घसरतो.

आबा: बाई, तू सांगशील दोन तास, आणि माझा पेशंट ऐकेल 'थोडं खाल्लं तर चालतंय'. एस.टी. स्टँडवर वडापाव खाऊन येईल आणि तुला सांगेल, 'काय बी नाय खाल्लं'. भुलीत उलटी, उलटी फुफ्फुसात, खेळ खलास. मेंडेलसननं १९४६ साली लिहून ठेवलंय. म्हणून आम्ही सरसकट सांगायचो, रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही. शहाण्या पेशंटसाठी वेगळा नियम आणि गावच्या पेशंटसाठी वेगळा, असं कसं करणार?

रेवा: वेगळा नियम नाही, समजावून सांगायला पाच मिनिटं.

आबा: ती पाच मिनिटं कोणाची? तालुक्याचं तुला काही माहीत नाही. माझ्याकडे भूल द्यायला यायचा तो मुलगा मोटारसायकलवर यायचा. सकाळी माझ्याकडे, दहाला दुसऱ्याकडे, दुपारी तिसऱ्याच गावात सिझेरियन. पेशंट शुद्धीवर आला, खोकला, की चालला हा. त्याचा दोष नाही, तो थांबला तर तिकडची बाई मरेल. सरकारनंसुद्धा शेवटी एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवडे शिकवून सिझेरियनपुरती भूल द्यायला उभं केलं, एवढी वाण आहे तुमच्या लोकांची. आणि तू मला सांगतेस सोनोग्राफीवर नस शोधा. रात्री दोन वाजता त्या माझ्या पेशंटला दुखलं, तर कोण आहे तिथे? भूलवाला तिसऱ्या गावात, मी वरच्या मजल्यावर झोपलेलो, खाली एक नर्स आणि एक मावशी. तुमचं सगळं शास्त्र त्या एका नर्सच्या खुर्चीपाशी येऊन थांबतं.

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात खरं वाक्य हे होतं, आणि रेवानंही ते परतवलं नाही.

रेवा: हे मात्र पुण्यातही असंच आहे, आबा. आमच्याकडे माणसं जास्त, पण रात्रीचं दुखणं कोणाचंच नसतं. सर्जन म्हणतो ते भूलवाल्यांचं काम, आम्ही म्हणतो आमची हद्द रिकव्हरीच्या दारापर्यंत. आणि केसपेपरवर काय असतं, तुम्हीच सांगा.

आबा: इंजेक्शन डायक्लो, एसओएस.

रेवा: एसओएस. दुखल्यास द्यावे. आता बघा कसं होतं. पेशंटला अकरा वाजता दुखायला लागतं. तो म्हणतो, थांबू जरा. साडेअकराला मुलाला उठवतो. मुलगा नर्सच्या टेबलापाशी जातो, ती दुसऱ्याचं सलाईन बदलत असते. 'येते', म्हणते. बारा वाजता येते, कागद बघते, 'इंजेक्शन खालून मेडिकलमधून आणा' म्हणते. मेडिकलवाल्याला उठवावं लागतं. इंजेक्शन टोचलं जातं साडेबाराला, आणि लागू पडतं एक वाजता. तोवर दुखणं एवढं चढलेलं असतं की नेहमीचा डोस पुरा पडत नाही. पुन्हा हाच माणूस दुसऱ्या रात्री मागतच नाही, कारण त्याला मुलाला उठवायचं नसतं.

आबा: हो. मीसुद्धा आयुष्यभर एसओएसच लिहिलं.

रेवा: त्याऐवजी लिहायचं, सहा वाजता, बारा वाजता, सहा वाजता, बारा वाजता. दुखो, न दुखो. साधी पॅरासिटामॉल. यात सोनोग्राफी आहे? पंप आहे? तुमच्या बारा खाटांत हे होऊ शकलं असतं.

आबा: झालं असतं. पैसाही लागला नसता. मी तेच म्हणतोय, महागड्या गोष्टींच्या मागे लागू नका. टाटा हॉस्पिटलचं ते लिग्नोकेनचं काम वाचलंस ना? डॉ. बडवे यांचं? स्तनाच्या गाठीभोवती, कापायच्या आधी सात-दहा मिनिटं, साधं लिग्नोकेन. दाढ काढताना देतात ते. सुमारे सोळाशे बायका. पाच वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर. २०२३ साली छापून आलं. मुंबईत आणि भारतातल्या दुसऱ्या केंद्रांत झालेलं, आणि औषधाची किंमत किती, तर वडापावएवढी.

रेवा: ते दुखणं थांबवायला नाही हं, आबा. गाठीला हात लागला की पेशी सुटून पसरू नयेत म्हणून. आणि आणखी चाचण्या व्हायला हव्यात. पण काम भारी आहे, वादच नाही. मीही एक फुकटाचं सांगते. ओ.टी.तला एसी सर्जनच्या घामासाठी असतो, पेशंट खाली कुडकुडत असतो. आतड्याच्या ऑपरेशनात पेशंटला उबदार ठेवलं तर जखम पिकायचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. १९९६ सालचा अभ्यास. तुमच्या ओ.टी.त एसी होता?

आबा: पंखाही नव्हता. तेवढं एक पुण्य माझ्या खात्यावर.

मग आबांनी मनातली खरी भीती काढली. त्यांचे एक सहाध्यायी खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तीन दिवस भ्रमिष्टासारखे वागले, बायकोला ओळखेनात, नळ्या उपसायला लागले. 'दुखण्याला नाही भीत मी, पण तसं व्हायला नको', आबा म्हणाले.

रेवा: म्हाताऱ्या माणसांत होतं ते, आणि दुखणं दाबून ठेवलं की जास्त होतं. झोपेची औषधं कमीत कमी, शुद्ध आली की लगेच चष्मा, कवळी, कानातलं यंत्र परत. खिडकीतून उजेड, समोर घड्याळ, घरचं माणूस. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर बाहेर. कमरेतल्या इंजेक्शनवर ऑपरेशन होणार, तेव्हा तुमचं कानातलं यंत्र टेबलावरसुद्धा राहू दे, असं मी सांगून ठेवलंय.

आबा: राहू दे म्हणजे काय, राहिलंच पाहिजे. सर्जन काय बडबडतो ते मला ऐकायचंय. आणि ती नस बधिर करायची सुई चालेल. पंप नको. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, कबूल. पण रात्री बारा वाजता कोणीतरी येऊन विचारायचं, आणि 'बरं आहे ना' असं नाही विचारायचं.

रेवा: मग कसं?

आबा: 'खोकून दाखवा' म्हणायचं. खोकता आलं नाही की कळेल.

रेवानं ते लिहून घेतलं. दोघांपैकी कोण जिंकलं म्हणाल तर औषधांच्या बाबतीत रेवा, आणि माणसांच्या बाबतीत आबा. वाचकहो, तुमच्या घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला भेटवा असा आग्रह धरा. चालू गोळ्या, हलणारा दात, आधीच्या भुलीचा त्रास, सगळं त्यांच्या कानावर घाला. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते तासात विचारा. आणि पेशंट खोलीत आला की केसपेपर मागून घ्या. वेदनेच्या औषधापुढे एसओएस लिहिलं असेल, तर डॉक्टरांना सांगून तिथे वेळ लिहून घ्या.